पाणी ओसरल्यानंतरच्या कामाचीही बैठक घ्या : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या अध्यक्षतेखाली आढावा बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, एनडीआरएफची तुकडी कधी येणार, राधानगरीचे दरवाजे उघडले तर राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती चढणार, याचा हिशेब त्या बैठकीत होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर या तयारीत फरक पडला आहे, हे मनापासून मान्य करते. पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की सुतारमळ्यातली कुटुंबं हलवायची लगबग सुरू होते.

मला लिहायचं आहे ते त्याच्या पुढचं. पाणी उतरतं, बोटी परत जातात, पाहणी दौरे संपतात. मग चिखलाने भरलेलं घर आणि त्यात उभं राहिलेलं कुटुंब एवढंच उरतं. तिथून दिवाळीपर्यंतचं काम सरकारी कागदावर कुणाच्याच नावाने नाही. ते काम वर्षानुवर्षं करणाऱ्यांमध्ये जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद, आहेत. त्यांना, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक प्रार्थनास्थळाला, तालमीला, मठाला त्या बैठकीत बसवा आणि प्रत्येकाच्या वाट्याचं काम आधीच लिहून द्या. पत्र त्यासाठी आहे.

आम्ही ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. १८५० च्या दशकात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं, पुढे कोडोली, सांगली, मिरज, निपाणी, इस्लामपूर इथे मंडळ्या उभ्या राहिल्या. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ चं. या सगळ्या मंडळ्यांची एकमेकांत सोयरीक आहे, ओळख आहे. कोल्हापूर बुडालं की निपाणीहून फोन येतो, आणि मिरजेत पाणी शिरलं की इथून पिठाची पोती निघतात. आमची ताकद पैशात नाही. दर रविवारी माणसं एकत्र येतात, कोण आलं नाही हे लगेच कळतं, अर्पणाच्या पैशाची पावती फाडली जाते आणि हिशेब मंडळीपुढे वाचला जातो. अशी घडी मुळात बसलेली असल्यामुळे आपत्तीच्या दिवशी नवी समिती शोधावी लागत नाही.

घडी जुनी आहे. जेरुसलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. तेव्हा प्रेषितांनी वाटपाच्या कामासाठी सात माणसं वेगळी नेमली. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात ही हकीकत आहे. वाटपातून सुटतं ते बहुतेक वेळा ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही असं माणूस, आणि ते सुटू नये म्हणून नाव घेऊन माणूस नेमावा लागतो, हे आमच्याकडे तेव्हापासून चालत आलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पाण्याचे उपसा पंप बुडालेले, पेट्रोल नाही, आणि चहूकडे पाणी असताना प्यायला थेंब नाही, असे ते दिवस होते. जेवणाची पाकिटं मात्र भरपूर आली. कोल्हापूरकरांचं मन मोठं आहे, आसपासच्या जिल्ह्यांनीही हात राखला नाही. पाणी उतरल्यावर आम्ही महिला मंडळाच्या बायका फावडी, घमेली आणि खराटे घेऊन कुंभार गल्लीत गेलो. गणपती महिन्याच्या आत आले होते. शाडूच्या कच्च्या मूर्ती विरघळून पाटांवर नुसते राखाडी ढीग उरले होते. आम्ही धान्याचं किट पुढे केलं, तर कारखान्यातली म्हातारी म्हणाली, “तांदूळ मिळालाय बाई. ते साचं तेवढं धुऊन द्या.” रबरी साचे चिखलात रुतले होते. चिखल आत वाळला की नाकडोळ्यांची रेघ बुजते आणि साचा वाया जातो. आम्ही पाण्याच्या टँकरशेजारी ओळीने बसलो आणि जुन्या टूथब्रशांनी सोंडेच्या, कानांच्या खाचा साफ केल्या. ख्रिस्ती बायका गणपतीचे साचे धुताहेत याचं तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. त्या घराचा वर्षाचा धंदा त्या साच्यांवर होता, आणि मदतीच्या कुठल्याच यादीत ‘साचे धुणे’ हा रकाना नव्हता.

आमच्या वहीत असे रकाने असतात, म्हणून ती वही आपल्याला दाखवावीशी वाटते. मंडळीतले वडीलजन आणि महिला मंडळ गल्ल्या वाटून घेतात आणि घरोघर जातात, मग घर ख्रिस्ती असो वा नसो. अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या वाहून गेल्या का, घर स्वतःचं की भाड्याचं, रेशनकार्ड भिजलं का, पोरांची पुस्तकं राहिली का. भिजलेली रेशनकार्डं आणि पासबुकं वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, पंख्याखाली हलक्या हाताने सुटी करून कितीतरी घरांना आम्ही परत दिली. पुढे पंचनाम्याच्या वेळी त्याच कागदांची गरज लागली.

पंचनाम्यावरून आठवलं. एका गल्लीत भाड्याने राहणारी, धुणीभांडी करणारी बाई होती. घरात छातीएवढं पाणी चढून गेलं. पंचनामा घरमालकाच्या नावाने झाला, आणि तिच्याकडे भाडेकराराचा कागद नसल्यामुळे ती सानुग्रह अनुदानातून वगळली गेली. ती तिथे राहते हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिचं नाव आमच्या वहीत होतं, शेजारच्या तालमीच्या पोरांच्या यादीत होतं. सरकारी यादीशी या याद्या ताडून पाहायची सोय मात्र कुठेच नव्हती.

ही अडचण एकट्या कोल्हापूरची नाही. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ केरळच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा समुद्रात किती माणसं बेपत्ता आहेत, यावर सरकारचा आकडा आणि चर्चचा आकडा जुळेना. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या पॅरिशांनी, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चनी, घरोघर विचारून नावनिशीवार याद्या केल्या होत्या, आणि बेपत्ता माणसांचा शोध घ्या म्हणून त्या याद्या हातात घेऊन कुटुंबं उभी राहिली. त्याच वादळात भरकटलेल्या केरळच्या बोटींनी आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, देवगडला आसरा घेतला होता.

अमेरिकेतही २९ ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळानंतर चर्चनी मोठा भार उचलला, पण तिथे कामाची वाटणी आधीपासून ठरलेली होती. सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांची फिरती स्वयंपाकघरं जेवण रांधायची आणि रेड क्रॉसच्या गाड्या ते वाटायच्या. मेनोनाइट मंडळ्या घरं पुन्हा बांधायच्या कामात उतरल्या. मेथॉडिस्टांच्या मदत संस्थेकडे एकेका कुटुंबाचा पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्यांचं जाळं होतं, आणि परदेशांतून सरकारला मिळालेल्या देणगीतले ६ कोटी ६० लाख डॉलर सरकारने त्याच कामासाठी दिले. वादळ गेल्यावर प्रत्येक कुटुंबाची गरज लिहून ती पुरी होईपर्यंत मागे राहणारा माणूस, याला तिथल्या सरकारने पैसे मोजले.

याच मेथॉडिस्ट मंडळ्यांची एक रीत मला फार आवडते. झाकणाची बादली घ्यायची, तिच्यात घासणी, हातमोजे, मास्क, कपडे धुण्याचा साबण, भांड्यांचा साबण, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, कचऱ्याच्या पिशव्या, पुसायची फडकी असं ठरलेलं सामान ठरलेल्या संख्येने भरायचं. जास्त नाही, कमी नाही, दुसरं काहीच नाही. सगळ्या बादल्या सारख्या असल्याने गोदामात एकदा तपासल्या की थेट दारात जातात, वाटपाच्या जागी उघडून पाहत बसावं लागत नाही. आपल्याकडे २०१९ ला जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते आणि फिनेलची बाटली, रबरी बूट मिळत नव्हते. अशी बादली आपल्या गरजेप्रमाणे ठरवून द्या. ब्लीचिंग पावडर आणि खराटा तिच्यात हवाच. शहरातल्या शाळा, मंडळं आणि मंडळ्या मेमध्येच हजारो बादल्या भरून ठेवतील.

आणि त्या ठेवायच्या कुठे, याचाही विचार आधी व्हावा. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला की नदीच्या दोन बाजू तुटतात. शहरातला साठा पलीकडे जात नाही आणि कोडोलीचा इकडे येत नाही. शिरोळ तालुक्याची तर आणखी वेगळी कोंडी. म्हणून साठे नदीच्या दोन्ही अंगांना आणि शिरोळच्या उंच गावांत वेगळे हवेत. त्यासाठी गोदामं भाड्याने घ्यायची गरज नाही. चर्चची सभागृहं, मंगल कार्यालयं, दसरा चौकातली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, उभी आहेत. शाहू महाराजांनी जातीजातीची बोर्डिंगं उभी केली, त्यातून या शहराला एकमेकांच्या आवारात वावरायची सवय लागली. चित्रदुर्ग मठात पूरग्रस्त राहतात तेव्हा मठ त्यांची जात विचारत नाही. प्रत्येक जागेत संडास किती, पाणी साठवण किती, म्हाताऱ्या माणसांना चढायला पायऱ्या किती, बाळंतिणीला आडोसा आहे का, एवढी माहिती वॉर्डनिहाय एका तक्त्यात आली तर पूर आल्यावर फोनाफोनी उरणार नाही.

एक नाजूक गोष्ट मीच काढते. चर्चने मदत केली की ‘मदतीच्या आडून धर्मांतर’ अशी कुजबुज होते, आणि काही अधिकारी त्या धसक्याने आमच्याशी लेखी काहीच करायला तयार नसतात. यावर स्पष्ट नियम करा, त्यावर सगळ्यात आधी आम्ही सही करू. १९९४ ची आंतरराष्ट्रीय आपत्ती मदत आचारसंहिता रेड क्रॉसबरोबर कॅथलिक चर्चची मदत संस्था कारितास इंटरनॅशनलिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस यांनीही मिळून पुरस्कृत केली. मदत कुठल्याही धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही, हे तिच्यात आहे. आपल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं ६१ वं कलमही लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून मदतीत भेदभाव करायला बंदी घालतं. म्हणून पिशवीवर क्रॉस नको, कुठलाही झेंडा नको, आणि कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो नको. वाटपाच्या जागी प्रार्थना नको, घोषणा नको. हा नियम सगळ्यांना सारखा लागू करा. भुकेल्या माणसाला अट घालणं आमच्या श्रद्धेलाही लाज आणणारं आहे, हे मी मंडळीची सभासद म्हणून लिहिते आहे.

आता नेमकं मागणं. येत्या मेच्या आढावा बैठकीत ‘पाणी ओसरल्यानंतर’ हा स्वतंत्र विषय घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयात त्यासाठी एक अधिकारी नेमा, ज्याचा फोन दिवाळीपर्यंत चालू राहील. वॉर्डातल्या आणि गावातल्या संस्थांच्या याद्या तलाठी आणि महापालिकेच्या यादीशी ताडायला एक दिवस ठरवून द्या, आणि भाडेकरूच्या बाबतीत शेजारच्या तीन घरांचा जबाब व स्थानिक संस्थेची नोंद पुरावा म्हणून धरा. ज्यांची नावं लिहायची त्यांना विचारूनच ती सरकारकडे जावीत, ही आमची अट राहील. दुखणी, कर्ज, घरातली भांडणं असं पुष्कळ लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असतं, ते वहीतच राहील.

आमच्या बाजूने शहरातली सभागृहं, स्वयंपाकाची मोठी भांडी, महिला मंडळं आणि तरुण संघ तयार आहेत. कोडोली आणि निपाणीच्या मंडळ्यांशी बोलणं झालं आहे. कापणीच्या सणाला लिलावातून येणारा पैसा यंदा बादल्यांसाठी बाजूला काढायचं ठरतं आहे.

बैठकीची तारीख आणि आमच्याकडून किती जणांनी यायचं, एवढं कळवावं. पंधरा मिनिटं मिळाली तरी वही घेऊन येऊ.

आपली नम्र,
कोल्हापुरातील एका मंडळीच्या महिला मंडळाची कार्यकर्ती