मॅडम, त्या पाठकोऱ्या कागदासाठी

आदरणीय मॅडम,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच ‘सध्या काय वाचतेस?’ यावर येता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. यातलं बरंच काही इतर पोरींनाही कळायला हवं.

गणितातल्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. निफाडला आमच्या द्राक्षबागेत विरळणी चालली होती. वडील म्हणाले, ‘पुढं शिकायचं तर शिक, पण फी किती पडंल तेवढं विचारून ये.’ मी तुम्हाला विचारलं. तुम्ही एक पाठकोरा झेरॉक्सचा कागद ओढलात आणि लिहिलंत: ३७,०००. खाली लिहिलंत, ‘दरमहा. हे भरायचे नाहीत, तुला मिळणार.’

गणितात पीएच.डी. करताना पैसे मिळतात, हे तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. सीएसआयआर-यूजीसी नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढे कामाचं मूल्यमापन होऊन ४२,०००, घरभाडं वेगळं. अणुऊर्जा विभागाच्या उच्च गणित मंडळाची (एनबीएचएम) शिष्यवृत्ती वेगळी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) परीक्षा वेगळी. आणि तुम्ही दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: ‘प्रवेश मिळणं आणि फेलोशिप मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ हे माहीत नसल्यामुळे नुसत्या प्रवेशावर खूश होऊन नंतर पदरमोड करत बसलेली मुलं मी आता रोज बघते. माझ्या मैत्रिणीची जेआरएफ हुकली, तेव्हा तिला महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपचा अर्ज तुम्हीच भरायला लावलात. सारथी आणि बार्टी या तशाच संस्था कुणासाठी, तेही तेव्हाच समजावलंत.

मग शनिवार सुरू झाले. तुमच्या तासिका संपल्या की रिकाम्या वर्गात नेटच्या पेपरातला पार्ट सी. चार पर्यायांतले बरोबर असतील तेवढे सगळे ओळखायचे, एक जरी चुकला की त्या प्रश्नाचं शून्य. ‘डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) सगळीकडे झिरो, म्हणजे फंक्शन कॉन्स्टंट (सगळीकडे एकच किंमत)’ यावर मी बिनधास्त टिक केली होती. तुम्ही फळ्यावर एक रेघ ओढलीत, मधला भाग डस्टरने पुसलात, डाव्या तुकड्यावर ० लिहिलंत, उजव्यावर १. ‘डोमेन, म्हणजे फंक्शन जिथं चालतं तो पट्टाच, तुटकं असेल तर?’ दोन्ही तुकड्यांवर बदल शून्य, तरी किमती वेगळ्या. त्या पुसलेल्या जागेकडे मी किती वेळ बघत होते! आजही एखादं विधान खरं वाटलं की आधी मनातल्या मनात डस्टर फिरवते. त्या शनिवारांचं मानधन तुम्हाला कुणी दिलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना वेळापत्रकाबाहेरच्या तासाचा पैसा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

वडील कॉलेजात आले तो दिवस मी विसरणार नाही. त्यांना वाटत होतं, गणितात शोधायचं काय उरलंय? तुम्ही त्यांच्या ट्रॅक्टरचा नंबर विचारलात. ३५२४. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, उलटे करून वजा करा. पेन त्यांच्या हातात दिलंत. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुन्हा केलं तरी ६१७४च. दुसरा नंबर घेतला, तरी तिथंच आले. ‘सगळे अंक सारखे नसले की झालं,’ तुम्ही म्हणालात, ‘आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी शोधलंय हे. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती.’ वडील कागदाकडे बघत म्हणाले, ‘आणि आता असं शोधायला सरकार पैसे देतं?’ तुम्ही म्हणालात, ‘देतं.’ येताना बसमध्ये त्यांनी तिकिटाच्या मागे आणखी एक नंबर करून पाहिला.

पहिल्या प्रयत्नात जेआरएफ थोडक्यात हुकली, दुसऱ्यात मिळाली. रुजू झाल्यावर पहिले काही महिने फेलोशिप जमाच झाली नाही. मी काही बोलले नव्हते, तरी एका संध्याकाळी खोलीचं भाडं तुमच्याकडून खात्यात आलं होतं. तासांवर पगार घेणाऱ्या बाईंनी पाठवलेलं. पैसे मी परत केले. पण तो मेसेज अजून पुसलेला नाही.

जानेवारीत येते आहे. यंदा दोघीजणी पार्ट सीला अडल्या आहेत म्हणालात ना, ते शनिवार मी घेईन. डस्टर तेवढं वर्गात ठेवा. वडील द्राक्षाची पेटी पाठवताहेत, नको म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी,
निफाड