तक्रार : सुरूच न होणारा बोर्ड, न आलेली रॅम आणि आमच्या मुलीवर ठेवलेला ठपका

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरी जोडायच्या संगणक संचाबाबत तक्रार, वॉरंटीवरचा चुकीचा शेरा रद्द करणे व राहिलेली रॅम पाठवणे याबाबत.

महोदय,

२ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दिवशी, तुमच्या संकेतस्थळावरून आम्ही घरी जोडायचा संगणक संच मागवला आणि पूर्ण पैसे त्याच दिवशी भरले. त्या संचातला मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) त्याच संचातला प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) ओळखू शकत नव्हता. रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, दोन पट्ट्यांचे पैसे घेऊन एकच पट्टी आली. आणि याबद्दल विचारल्यावर आमच्या मुलीने बोर्ड खराब केला असा शेरा मारून तुम्ही वॉरंटी नाकारलीत. आज आमचा संगणक चालतो आहे, पण तो गावातल्या दुरुस्तीवाल्याने चालू करून दिला. तुमच्या नोंदीत मात्र तो अजून आम्हीच बिघडवलेला आहे. ही नोंद मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरात याआधी कधी संगणक नव्हता. थोरली मुलगी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची लॅब बंद झाली की तिचं काम तिथेच थांबायचं. धाकटा आठवीत आहे. मी दूध संस्थेचे आणि बाजारपेठेतल्या काही दुकानांचे हिशेब लिहिते, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी मला दुसऱ्याच्या ऑफिसात, त्यांची वेळ सांभाळून बसावं लागायचं. माझे सासरे, आमचे अण्णा, निवृत्त शिक्षक आहेत. वाईच्या घाटांची आणि जुन्या वाड्यांची माहिती त्यांनी वह्यांमध्ये उतरवून ठेवली आहे, ती त्यांना टाइप करून हवी आहे. लॅपटॉप घेतला असता तर तो एकाच्याच बॅगेत गेला असता. म्हणून सगळ्यांना बसता येईल असं एक मशीन घ्यायचं ठरलं. भिशीचा नंबर लागला, त्यात यांनी बोनसमधले थोडे घातले आणि मॉनिटर धरून अडतीस हजारांच्या आसपास रक्कम उभी राहिली. आमच्यासाठी ही मोठी खरेदी होती.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी निवडला तो मुलीने. त्यात सहा कोअर आहेत, ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही आणि वीजही बेताची लागते. जोडून तयार मशीन देणारी दुकानं साताऱ्यातही आहेत. तरी आम्ही तुमचा संच घेतला, त्याची दोन कारणं होती. एक, मुलीला स्वतःच्या हाताने जोडायचं होतं. दुसरं, तुमच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की संचातले सगळे भाग एकमेकांशी जुळतात याची खात्री केलेली आहे आणि बोर्डाचा बायोस (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातच असलेला प्रोग्रॅम) अपडेट करूनच पाठवला जातो. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. हे वाक्य नसतं तर आम्ही हा बी४५० बोर्ड घेतलाच नसता, कारण मुलीला त्यातली अडचण माहीत होती. बी४५० हा बोर्डावरचा चिपसेट (बोर्डाचे भाग सांभाळणारी चिप) २०१८ सालचा आणि ५६००जी प्रोसेसर २०२१ सालचा. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, एकच असल्याने प्रोसेसर बोर्डात बसतो, पण बायोस जुना राहिला तर बोर्ड त्याला ओळखत नाही. तिने खरेदीआधी तुमच्या चॅटवर हे विचारलं होतं. ‘काळजी करू नका, अपडेटेड आहे’ असं उत्तर आलं, तेही सोबत आहे.

जोडणी कशी केली हेही लिहिते, कारण तुमचा सगळा आरोप तिच्यावरच आहे. माजघरात सतरंजी अंथरली, तिच्यावर बोर्डाचं खोकं ठेवलं आणि खोक्यावर बोर्ड. धाकटा माहितीपुस्तिका मोठ्याने वाचत होता, अण्णा टॉर्च धरून बसले होते. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून मुलगी दर वेळी आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायची. सॉकेटची दांडी वर केली, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि प्रोसेसर नुसता सोडला. तो आपल्या वजनाने खाली बसला, तिने बोटाने दाबलासुद्धा नाही. मग दांडी खाली. अण्णांनी दोनदा विचारलं, ‘बसला ना नीट?’ तर तिने दांडी पुन्हा उचलून, प्रोसेसर काढून त्यांना खालच्या पिना दाखवल्या, त्याचा फोटो काढला आणि परत बसवला. तो फोटो या पत्रासोबत आहे. त्यात पिनांच्या ओळी सरळ दिसतात, आणि फोटोवर तारीख-वेळही आहे.

सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरले, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता, म्हणजे बोर्ड पुढे सरकतच नव्हता. तिने रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा आणि मोठा चोवीस पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवला. बोर्डावरचा सेल काढून, थोडा वेळ थांबून परत घातला. मॉनिटर आणि एचडीएमआय केबल शेजाऱ्यांच्या सेट-टॉप बॉक्सला लावून पाहिली, तिथे चित्र येत होतं. एवढं झाल्यावरच तिने तुमच्या कस्टमर केअरला फोन केला.

तिथे आधी तिला ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला सांगितलं. ५६००जी मध्ये ग्राफिक्स असतं हे तिने सांगितल्यावर, ‘घरात कोणी जाणकार पुरुष माणूस आहे का, त्यांना फोन द्या’ असं ऐकवलं. हे आले नव्हते, म्हणून फोन मी घेतला. मला सांगण्यात आलं की मुलीने घाईत दाबल्यामुळे ‘सॉकेटच्या पिना’ वाकल्या असणार आणि त्याला वॉरंटी लागत नाही. फोटो पाठवतो म्हटलं, तर गरज नाही म्हणाले. त्याच संध्याकाळी तक्रार बंद झाल्याचा मेल आला. त्यात शेरा होता : ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे बिघाड. वॉरंटी लागू नाही.’

महोदय, या प्रोसेसरला १३३१ पिना असतात आणि त्या सगळ्या प्रोसेसरच्या तळाला असतात. बोर्डावरच्या सॉकेटला फक्त भोकं असतात. म्हणजे तुमच्या माणसाने बोर्ड पाहिला नाही, फोटो पाहिला नाही, आणि जी वस्तू त्या बोर्डावर नाहीच ती माझ्या मुलीने वाकवली असं लेखी ठरवून टाकलं. ज्यांच्याकडून ग्राहक तांत्रिक सल्ला घेतो, त्यांना स्वतः विकलेल्या मालाची एवढी माहिती असायलाच हवी. नसेल तर निदान दोष देण्याआधी फोटो तरी उघडायला हवा होता.

शेवटी आम्ही सगळा माल गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी मुलीचं ऐकून घेतलं आणि स्वतःकडचा जुना रायझन ३ ३२००जी आमच्या बोर्डात लावला. लगेच चित्र आलं. बायोसची तारीख २०२० सालची होती, ५६००जी बाजारात येण्याच्याही आधीची. त्यांनी पेन ड्राइव्हवरून नवा बायोस घातला, आमचा प्रोसेसर परत बसवला आणि मशीन सुरू झालं. तोच बोर्ड, तोच प्रोसेसर, त्याच पिना. हे सगळं त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं आहे. जुन्या बायोसच्या पडद्याचा फोटो आणि त्यांचं बिलही सोबत आहे.

इथे आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. बोर्ड आला तेव्हा त्याच्या खोक्यावरचं कारखान्याचं सील शाबूत होतं; खोकं उघडतानाचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. हा बोर्ड प्रोसेसर लावून सुरू केल्याशिवाय त्याचा बायोस बदलता येत नाही, तशी सोय त्यात नाही. मग खोकं न उघडता बायोस अपडेट केला कुणी? ज्या कामाची खात्री तुम्ही पानावर आणि चॅटवर दोन्हीकडे दिलीत, ते झालेलंच नव्हतं. आणि ही अडचण नवीन किंवा दुर्मीळ नाही. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने स्वतः यासाठी ग्राहकांना तात्पुरता जुना प्रोसेसर उसना देण्याची सोय ठेवली होती. संगणकाचे भाग विकणाऱ्याला ‘पंखे फिरतात पण चित्र नाही’ एवढं ऐकूनच बायोसची शंका यायला हवी होती.

आता रॅमबद्दल. बिलावर आठ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, खोक्यात एक निघाली. ‘दुसरी स्टॉक आल्यावर पाठवू’ असं ऑक्टोबरमध्ये सांगितलंत. त्यानंतर रॅमचे भाव चढत गेले आणि डिसेंबरमध्ये तुमचा मेल आला की पट्टी हवी असेल तर वाढलेल्या भावातला फरक भरा, नाहीतर जुन्या भावाने पैसे परत घ्या. दोन्ही मला मान्य नाही. मी पूर्ण पैसे ऑक्टोबरमध्ये भरलेत, तेव्हाच्या भावाने दोन पट्ट्यांचा व्यवहार पुरा झालेला आहे. भाव उतरले असते तर तुम्ही मला फरक परत केला नसता. जुन्या भावाचे पैसे घेऊन आज बाजारात तशी पट्टी मिळत नाही. शिवाय या मशीनमध्ये ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं आणि दोन पट्ट्या असल्या तर दोन्हींमधून एकाच वेळी वाचन होतं. एका पट्टीवर तो वेग निम्मा होतो. टॅली उघडी ठेवून मुलीचा ऑनलाइन वर्ग लावला की मशीन अडखळतं. आठ जीबीचं मशीन आम्ही मागवलेलं नाही.

कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) बिलाप्रमाणे आले, पॅकिंगही उत्तम होतं. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. आम्ही नोव्हेंबरपासून मेल करतो आहोत आणि आजवर फक्त यंत्राने पाठवलेली उत्तरं आली आहेत. त्यामुळे आमच्या मागण्या इथे स्पष्ट लिहिते.

सगळ्यात आधी, आमच्या ऑर्डरवरचा ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे बिघाड’ हा शेरा रद्द करा आणि बोर्ड व प्रोसेसर दोन्हींची वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून पूर्ण लागू आहे असं लेखी कळवा. उद्या खरोखरच बोर्डात काही दोष निघाला, तर हाच शेरा दाखवून आम्हाला परत पाठवलं जाईल, म्हणून यात तडजोड नाही. त्याच पत्रात मुलीने केलेली जोडणी बरोबर होती हेही लिहा, आणि तिच्याशी फोनवर ज्या भाषेत बोललं गेलं त्याबद्दल तिची माफी मागा. पत्र तिच्या नावाने यावं. घरातल्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर कितीतरी दिवस ती ‘हिने बिघडवलं’ हे ऐकत राहिली. तिने पुस्तिकेबाहेरचं एक पाऊलही टाकलं नव्हतं.

राहिलेली आठ जीबीची पट्टी, आलेल्या पट्टीच्याच कंपनीची आणि त्याच वेगाची, एकही रुपया जादा न घेता पाठवा. दुरुस्तीच्या दुकानाचं बिल आमच्या खात्यात जमा करा. आणि पानावरचं बायोसचं ते वाक्य एकतर खरं करा, म्हणजे खोकं उघडून काम करा आणि त्यावर तारखेची चिठ्ठी लावा, नाहीतर वाक्य काढून टाका. आमच्या घरात पिना कुठे असतात हे माहीत असलेली मुलगी होती. पहिलाच संगणक घेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात तसं कोणी नसेल, तर ते तुमचं म्हणणं खरं मानून नवा बोर्ड विकत घेतील.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सातारा जिल्हा आयोगात दावा दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही, याची माहिती मी घेतली आहे. कागद सगळे तयार आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
वाई, जि. सातारा

सोबत : बिलाची प्रत, संकेतस्थळाच्या पानाचा व चॅटचा फोटो, प्रोसेसरच्या पिनांचा फोटो, खोकं उघडतानाचा व्हिडिओ (पेन ड्राइव्हवर), जुन्या बायोसच्या पडद्याचा फोटो, दुरुस्ती दुकानाचं पत्र व बिल, आपले ऑक्टोबर व डिसेंबरचे मेल.