शेफिल्डहून बाबांना पत्र

शेफिल्ड,
इंग्लंड,
रविवार सकाळ

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुम्ही विचारले होते, की काट्या-चमच्यांच्या या कारखान्यात मी नेमके काय तपासते आणि चुंबकाची परीक्षा इकडेही चालते का. चालते, पण तिचा अर्थ वेगळा लावावा लागतो. चमचे आणि काटे 18 टक्के क्रोमियम व 10 टक्के निकेलच्या पोलादाचे असल्याने त्यांना चुंबक चिकटत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच संचातल्या सुरीला मात्र तो चटकन चिकटतो, आणि भाईंदरच्या आपल्या पॉलिशच्या गाळ्यात ती हाती आली असती तर तुम्ही हलका माल म्हणून बाजूला टाकली असती. पण निकेलचे ते पोलाद तापवून विझवले तरी कडक होत नाही, आणि पाते कडक नसेल तर धार टिकत नाही. म्हणून सुरीसाठी सुमारे 13 टक्के क्रोमियमचे पोलाद घेतात, ते भट्टीत लाल करून झपाट्याने थंड करतात आणि पुन्हा बेताचे तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये याच गावात बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधताना जे पोलाद केले, तेही याच जातीचे होते.

मात्र आज लिहायला बसले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. इथल्या सुरीकारांचा संघ 1624 चा आहे, आणि त्याआधीपासूनच इथल्या पाच लहान नद्यांवर पाणचक्क्या लावून साणेवर पाती घासली जात. सुऱ्या बहुधा ओल्या साणेवर घासत, काटे मात्र कोरड्या. काटे घासणारी मुले चौदाव्या वर्षी कामाला लागत, आणि दगडाची व लोखंडाची बारीक धूळ त्यांच्या छातीत साठत जाई. कोरडे घासणारे जेमतेम पस्तिशीपर्यंत जगतात, असे इथल्याच डॉ. नाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवून ठेवले होते. धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा तेव्हाही निघाला होता, परंतु कारागिरांनी तो लावू दिला नाही. काही ठिकाणी तर मोडून टाकला. काम सुखाचे झाले की माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना भीती होती. मला त्यांचा राग येत नाही, कारण मजुरी उतरली तर घर कसे चालवायचे, हा त्यांचा प्रश्न खराच होता.

चमचे चकाकवण्याचे काम इथे बायका करीत. त्यांचा एक जुना फोटो मी पाहिला. डोक्याला फडके गुंडाळलेले, अंगावर तपकिरी कागदाचा एप्रन दोरीने बांधलेला आणि चेहरे काळेकुट्ट. तुम्ही गुडघ्यांना वर्तमानपत्र बांधून मोटरीसमोर बसायचात आणि घरी आल्यावर आई तुमच्या कानांमागचा काळा थर खोबरेल तेलाने पुसायची, ते आठवले आणि मला त्या फोटोसमोरून हलवेना.

बाबा, तुमचा पहाटेचा खोकला मला फोनवरही ऐकू येतो. हवापाण्याचा आहे, असे आता म्हणू नका. या आठवड्यात छातीचा एक्स-रे काढा, आणि तीस वर्षे बफच्या फिरत्या चाकावर धातू चकाकवण्याचे काम केले आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. चि. संदीपने गाळ्यातल्या चारही मोटरींना झाकण व धूळ ओढणारा पंखा बसवून घ्यावा; पैसे मी पाठवते, त्यासाठी उशीर नको. फक्त पंखा येण्याआधी त्याने कारागिरांना एकत्र बसवून स्पष्ट सांगावे, की नगामागचा दर एका पैशानेही कमी होणार नाही. नाहीतर इथल्यासारखेच होईल, आणि पंखा बंद पडून राहील.

आईस नमस्कार सांगावा. एक्स-रे काढल्यावर लगेच कळवावे.

आपली,
वैशाली