झोपेचं पण विचारा

संपादक महोदय, एचआयव्हीवरच्या नव्या प्रायोगिक औषधांबद्दलचा तुमचा लेख वाचला, व्हायरस किती कमी झाला याचं सगळं आलंय त्यात, पण मेंदू आणि नसांवर काय होतं यावर फक्त एक ओळ, ते खटकलं म्हणून लिहितोय.

माझा मावसभाऊ बरीच वर्षं स्टॅव्हुडीन हे एचआयव्हीचं औषध घेत होता. रिपोर्ट चांगले यायचे, पण तळपायांची अशी आग व्हायची की रात्री अंगावरची चादर पायांना लागली तरी तो दचकून उठायचा, आणि तपासणीला गेलं की पायांबद्दल कोणी विचारायचंच नाही. या औषधाने नसा खराब होतात हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, तरी ते हळूहळू बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ते २००९ मध्ये.

एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधाचंही तेच. १९९८ साली मंजुरी मिळाली, चक्कर, भयानक स्वप्नं, झोप उडणं, काहींना डिप्रेशन, आणि रोजचा डोस ६०० मिलिग्रॅम. पुढे कळलं की ४०० मध्येही व्हायरस तितकाच दबतो! म्हणजे इतकी वर्षं लोकांनी जादाचा डोस पचवला.

औषधं नकोत असं मी अजिबात म्हणत नाही, भाऊ आज आहे तो त्यांच्यामुळेच, आणि मनाने गोळ्या कोणी बंद करू नयेत. पण नव्या औषधाच्या चाचणीत पहिल्या दिवसापासून झोप, मूड, विसरभोळेपणा, हातापायांच्या मुंग्या हे रक्ताच्या रिपोर्टइतकंच नीट विचारून लिहून ठेवायला हवं, आणि तुमच्यासारख्या पेपरांनी ते छापायलाही हवं.

– एक वाचक