किराणा दुकानामागची शाळा

चार्ल्स्टन, साउथ कॅरोलायना
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. बचत गटातल्या बायका महिला ग्रामसभेला येतात, प्रोसिडिंग बुकात सही किंवा अंगठा करतात आणि एक शब्दही न बोलता उठून जातात, हे वाचताना त्या ओळींमागचा तुझा थकवा मला जाणवला. इतकी वर्षे तेच ते करून हाती काय लागते, असे तू विचारले आहेस. उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, कारण गावात राहून काम तू करते आहेस. पण माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर घडलेली एक हकीकत अलीकडे माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे, ती तुला सविस्तर सांगावीशी वाटते.

इथे फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. गुलामीत जन्मलेल्या आईवडिलांचा मुलगा, तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला आणि पुढे १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला कार्टर वुडसन हा इतिहासकार या प्रथेचा जनक. त्याने १९२६ मध्ये एका आठवड्यापासून सुरुवात केली आणि त्याला यंदा शंभर वर्षे झाली. या महिन्यात ग्रंथालयांतून, शाळांतून, चर्चमधून थोरामोठ्यांच्या तसबिरी लागतात, भाषणे होतात, आणि ते सारे मला मनापासून आवडते. तरीही यंदा माझे पाऊल वळले ते जॉन्स आयलंड या बेटाकडे. खाडीवरचा पूल ओलांडला की दुतर्फा ओकची प्रचंड झाडे लागतात आणि त्यांच्या फांद्यांवरून शेवाळासारख्या राखाडी जटा लोंबत असतात. आता तिथे नवी घरे झपाट्याने उठत आहेत, पण सत्तर वर्षांपूर्वी हे शेतमजुरांचे बेट होते.

त्या बेटावर ईसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ राहत. बेटावरच्या लोकांना चार्ल्स्टनला कामावर नेणारी बस ते चालवीत. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर त्या काळी या राज्यात राज्यघटनेचा उतारा वाचून आणि लिहून दाखवावा लागे, नाहीतर ३०० डॉलर मूल्याची मालमत्ता असावी लागे. ज्यांना शाळाच नीट मिळाली नव्हती त्यांना मताधिकारापासून दूर ठेवण्याची ही पक्की तजवीज होती. जेन्किन्स आपल्या उतारूंना बसमध्येच हा कायदा समजावून सांगत. त्या उतारूंपैकी अ‍ॅलिस वाइन या बाईंची स्मरणशक्ती अशी, की त्यांनी उतारा ऐकून ऐकून तोंडपाठ केला आणि नाव नोंदवून घेतले. नाव लागले, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना खरोखर वाचता यायला हवे होते.

ही गरज जिने ओळखली ती बाई म्हणजे सेप्टिमा क्लार्क. जन्म १८९८, वडील गुलामीत जन्मलेले. चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकरी मिळत नसे, म्हणून १९१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या याच बेटावर शिकवायला आल्या. दोन शिक्षिका, १३२ मुले आणि सेप्टिमाबाईंचा पगार महिना ३५ डॉलर. रस्त्यापलीकडच्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुले होती आणि तिथल्या बाईंना ८५ डॉलर मिळत. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. पुढे चार्ल्स्टनच्या शाळांची दारे कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी उघडावीत म्हणून त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि १९२० मध्ये तो नियम बदलला. १९५६ मध्ये राज्याने फर्मान काढले की सरकारी नोकरांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे सभासद राहू नये. सेप्टिमाबाईंनी सभासदत्व लपवले नाही आणि सोडलेही नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेले. तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. टेनेसीतल्या हायलँडर या लोकशाळेने त्यांना कामावर घेतले. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे घेतलेल्या एका शिबिरात रोझा पार्क्सही होत्या, आणि त्याच डिसेंबरात अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला रोझाबाईंनी नकार दिला.

आता खरी गोष्ट. हायलँडरकडून कर्ज घेऊन बेटावरच्या लोकांनी एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्यांना संशय येऊ नये, आणि मागच्या खोलीत ७ जानेवारी १९५७ रोजी रात्रीचा वर्ग भरला. शिकवायला सेप्टिमाबाईंनी आपल्या नात्यातली बर्निस रॉबिन्सन निवडली. ती केस करून देणारी आणि शिवणकाम करणारी बाई होती. आपण शिक्षिका नाही असे ती परोपरीने सांगत होती, आणि सेप्टिमाबाईंना नेमके तेच हवे होते. शिकलेल्या माणसाचा तोरा नको होता. शिवाय तिची गिऱ्हाइके सारी कृष्णवर्णीय असल्यामुळे तिला कामावरून काढून टाकणारा कोणी गोरा मालक नव्हता. बेडरपणाला असा रोजच्या भाकरीचाही आधार लागतो, हे सेप्टिमाबाई स्वतःच्या अनुभवाने जाणून होत्या.

पहिल्या रात्री चौदा जण आले. बर्निसने लहान मुलांची पुस्तके बरोबर नेली होती, पण ती या माणसांसाठी नाहीत हे तिला लगेच उमगले आणि तिने ती बाजूला ठेवली. मग तिने विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणाला आपले नाव लिहायचे होते. कोणाला दूर गेलेल्या लेकराचे पत्र दुसऱ्याकडून वाचून न घेता स्वतः वाचायचे होते. कोणाला मनीऑर्डरचा आणि टपालाने माल मागवण्याचा फॉर्म भरायचा होता. तेच फॉर्म त्यांची क्रमिक पुस्तके झाली. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव लिहून दिले जाई आणि त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा. नांगराला सरावलेल्या बोटांनी पेन्सिल इतकी घट्ट धरली जाई की ती काडकन मोडत असे. मोडली की दुसरी हातात द्यायची, एवढेच. पासष्ट वर्षांच्या एका बाईंनी फळ्यावरच्या नावांमधून स्वतःचे नाव ओळखून एकेक अक्षर मोठ्याने वाचले, तो प्रसंग बर्निसबाई आयुष्यभर सांगत राहिल्या.

त्या खोलीच्या भिंतीवर बर्निसने संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता आणि वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो पूर्ण वाचता आला पाहिजे, असे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. सखी, या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असे ध्वनित करणारा शब्द जाऊन 'सर्व माणसे' हा शब्द आला, तो आपल्या मुंबईच्या कायदेमंडळात काम केलेल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. मुंबईच्या एका बाईने धरून ठेवलेला शब्द जॉन्स आयलंडवरच्या शेतमजूर बाया बोट ठेवून वाचत होत्या, हे मला समजले तेव्हा माझे डोळे भरून आले. या दोन मुलुखांचे नाते तसे जुनेच आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केले होते.

अक्षरे आली की वर्गात राज्यघटनेचा उतारा येई, मतदार नोंदणीचा अर्ज येई, आणि त्याच्यापाठोपाठ शाळा मंडळ कसे चालते, खराब रस्त्याची तक्रार कोणाकडे न्यायची, हेही येई. हे वर्ग आसपासच्या बेटांवर पसरले. १९६१ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने ते आपल्याकडे घेतले आणि मग जॉर्जियातल्या एका केंद्रात दक्षिणेतल्या गावोगावच्या माणसांना शिक्षक म्हणून तयार करणे सुरू झाले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने वाचनाची ती अट उडवली, हे सर्वांना ठाऊक असते. पण कायदा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन रांगेत उभे राहायचे बळ लागते, आणि ते अशा मागच्या खोल्यांमध्ये आधीच जमू लागले होते. सेप्टिमाबाईंचे म्हणशील तर १९७५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्या चार्ल्स्टनच्या शाळा मंडळावर निवडून आल्या आणि पुढच्या वर्षी राज्याने त्यांचे पेन्शन परत सुरू केले.

गेल्या वर्षी मी इथली नागरिक झाले हे तुला कळवले होतेच. तेव्हापासून महिन्यातल्या एका शनिवारी मी ग्रंथालयाच्या दाराशी मतदार नोंदणीच्या टेबलावर बसते. बहुतेक लोक नजर चुकवून निघून जातात. गेल्या खेपेस चार तासांत तीन अर्ज भरले गेले. त्यातले एक आजोबा अर्ज भरून झाल्यावर माझ्याकडून तो परत मागून घेऊन पुन्हा सावकाश, ओठ हलवत वाचू लागले. मी घाई केली नाही. आमच्या कॉलनीबाहेरच्या बस थांब्यावर दिवा नव्हता आणि पहाटे कामाला जाणाऱ्या बायका अंधारात उभ्या राहत, म्हणून मी स्थानिक सभेत बोलायला उभी राहिले होते. दोन मिनिटे मिळाली, आवाज कापत होता. दिवा लागायला सात महिने लागले आणि त्यासाठी आणखी तीनदा जावे लागले.

म्हणून तुला एक सुचवते. पुढच्या बैठकीत ग्रामसभेचा विषयच काढू नकोस. घरातला जो कागद आपल्याला वाचता येत नाही किंवा वाचून कळत नाही तो घेऊन या, एवढेच सांग. कोणी पासबुक आणील, कोणी रेशनकार्ड, कोणी घरपट्टीची पावती, कोणी सातबारा. सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही हे एखादीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की पुढचा प्रश्न ती आपणहून विचारील आणि तो ग्रामपंचायतीतच विचारावा लागेल. शिकवायलाही तू बसू नकोस. गटातली ती ब्लाउज शिवणारी बाई, जिच्याबद्दल तू नेहमी कौतुकाने लिहितेस, तिला बसव. ती नाही म्हणाली तर तिला बर्निसची गोष्ट सांग.

ईसॉ जेन्किन्स यांच्या पुढच्या काळातल्या गाडीचा मागचा दरवाजा आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. 'प्रेम म्हणजे प्रगती, द्वेष महागात पडतो' अशा अर्थाचे शब्द त्यांनी त्यावर रंगवून घेतले होते. एप्रिलमध्ये आम्ही तिकडे जाणार आहोत, तेव्हा त्याचा फोटो काढून तुला पाठवीन. तोवर बैठक झाली तर कोणी कोणता कागद आणला ते मला नावानिशी कळव.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझीच,
बालमैत्रीण