काका, त्या २० टक्क्यांबद्दल

प्रिय काका,
सा. न.

मंडळाच्या गणपतीत तुम्ही सहज बोलून गेलात की १९८८ साली इथे कॅलिफोर्नियात सुपरमार्केटच्या दारात उभं राहून तुम्ही प्रपोझिशन ९९ साठी, म्हणजे सिगारेटवर जादा कर लावायचा प्रस्ताव लोकांच्या मतदानाला यावा यासाठी, सह्या गोळा केल्या होत्या. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही हसण्यावारी नेलं असतं, म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

पाकिटामागे २५ सेंट जादा कर, एवढंच मला ठाऊक होतं. कर काय, कुठलंही सरकार लावतं. भारतात बजेटच्या संध्याकाळी ‘सिगारेट महागली’ अशी बातमी येते, आणि तो पैसा पुढे कुठे गेला हे आपण कुणी विचारत नाही. तुमच्या मसुद्यात मात्र त्यातले २० टक्के आरोग्यशिक्षणासाठी, मुख्यतः मुलांनी तंबाखूकडे वळू नये यासाठी, कायद्यानेच बांधून टाकले होते. कंपन्यांनी विरोधात दोन कोटी डॉलरहून जास्त ओतले, तस्करी आणि गुन्हेगारी वाढेल अशी भीती घातली. तरी कॅलिफोर्नियातल्या सुमारे ५८ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं.

त्या पैशातून एप्रिल १९९० मध्ये जाहिराती सुरू झाल्या. पहिल्या जाहिरातींतली एक मला फार आवडते: धुराने भरलेल्या खोलीत सिगारेट कंपनीचा साहेब आपल्या लोकांना सांगतोय, गिऱ्हाईक रोज मरतंय, तेव्हा रोज नवी भरती हवी. पोरांना उपदेश नाहीच. आपल्याला कोण आणि कशासाठी गळाला लावतंय, तेवढं दाखवलं. सोळा वर्षांच्या पोराला उपदेश शिवत नाही, पण कुणी उल्लू बनवतंय म्हटलं की झोंबतं. (घरचा अनुभव.)

१९९२ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी या जाहिराती थांबवल्या, तेव्हा लंग असोसिएशन ही फुप्फुसांच्या आरोग्यासाठी झटणारी संस्था कोर्टात गेली आणि त्या पुन्हा सुरू झाल्या. पैसा मतदारांनीच कायद्यात बांधून दिलेला होता, म्हणून भांडायला आधार होता.

यातली गंमत म्हणजे मोहीम यशस्वी झाली, सिगारेटी कमी खपल्या, की निधीही आटतो. २०१६ च्या प्रपोझिशन ५६ ने पाकिटामागे आणखी २ डॉलर लावले आणि ई-सिगारेटलाही कर लागू केला, म्हणून बरं. शाळांना तंबाखूविरोधी शिक्षणासाठी मिळणारं अनुदान या दोन्ही करांतून येतं. माझ्या मुलाच्या शाळेत गेल्या आठवड्यात व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, तास झाला, तो त्यातूनच.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मंडळातली एक आई