रविवारचं मी विचारणार नव्हते

सोन्या,

काल फोनवर माझा आवाज चढला. तू म्हणत होतास, मम्मी मला आता काहीच वाटत नाही गं, प्रार्थनेला बसलो की नुसता भिंतीकडे बघत बसतो, आणि मी ते धड ऐकून न घेता रविवारी चर्चला गेलास का हेच विचारत बसले. तीनदा. पपा बाजूला बसून हाताने बस कर बस कर करत होते पण मी कसली थांबते. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. आता लिहितेय म्हणजे तुला मधे बोलता येणार नाही.

डिसेंबरात तोरणमाळच्या कॅम्पहून आलास तेव्हाचा तुझा चेहरा डोळ्यापुढून जात नाही रे. स्वेटरला शेकोटीचा वास, घसा बसलेला, आणि बॅग पण खाली न ठेवता किचनमध्ये येऊन म्हणालास, माझ्यासोबत प्रार्थना कर. मी कणकेच्या हातानेच तुझं डोकं धरलं. मग पहाटे चारला उठून गीतं, पिंकी उशी फेकून मारायची. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू, मंडळीत चारचौघींना सांगून आले. पण मनात धाकधूक होतीच, कारण मी यातून गेलेय.

१९९६ ला चर्चच्या कन्व्हेन्शनच्या मांडवात विश्वासाची साक्ष देताना मी एवढी रडले होते की वाटलं आता आयुष्यात कुणाचा राग म्हणून येणार नाही. पुढच्याच वर्षी लग्न होऊन भुसावळला आले. मे महिना, पत्र्याची खोली, पपांची नाइट, नळाला पाणी नाही आणि तू पोटात. बायबल उघडलं की डोळे मिटायचे. वाटलं, देवाने सोडलं मला. सांगणार कुणाला, लाज वाटायची. आजीला कळलं असावं. ती काही बोलली नाही. अंगणातल्या चुलीपुढे कळण्याची भाकर थापता थापता प्रभूची प्रार्थना म्हणायची, लिहिता वाचता येत नव्हतं, तेवढीच पाठ. 'आमची रोजची भाकर' पर्यंत आली की नेमकी कोंबडी पिठात तोंड घालायची, मग हाड हाड करून आजी परत पहिल्यापासून. कधी कधी भाकरी संपायच्या पण आमेन व्हायचं नाही. मी तिथे बसून कांदा चिरायचे, बस. कधी बरं वाटायला लागलं ते मला पण सांगता येणार नाही.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं बघ. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, झुडपाखाली पडून म्हणे मला मरू दे. देवाने त्याला विचारलं का, रविवारी कुठे होतास? निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खाऊ घातलं. तू रात्री अकराला रूमवर येऊन मॅगी खातोस, दोनपर्यंत मोबाईल, मग भिंतच दिसणार ना. चारला उठायचा हट्ट सोड. सातला उठ, एक स्तोत्र वाच, बेचाळीसावं वाच, त्यात पण स्तोत्र लिहिणारा आपल्याच जिवाला विचारतो तू का खिन्न झालास. आणि लोकांमध्ये जाऊन बस, म्हणजे रविवारी, आपलं ते... जाऊ दे.

स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांना पण विश्वासात यायला वेळ लागलाच ना. तिच्या नवऱ्याचा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, तिचा १९०० चा. आणि १९१९ ला टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य, ख्रिस्तायन, अर्धवट राहिलेलं, ते पूर्ण केलं कुणी? तिनेच. झालं, परत लेक्चर. सॉरी. तुला काही वाटत नाही हे तू मला सांगितलंस, मी माझ्या आईला कधी सांगू शकले नाही, एवढंच लिहायचं होतं खरं तर.

पपांची शुगर वाढलीय परत, काळजी करू नको, गोळी बदलून दिलीय. ट्रॅव्हल्सने कळण्याचं पीठ आणि ठेचा पाठवतेय, भाकर जमली नाही तर व्हिडिओ कॉल कर, हसणार नाही.

रविवारचं विचारत नाही. फक्त तिकडची मराठी उपासना साडेआठची असते का दहाची तेवढं कळव, पपा विचारत होते.

मम्मी